जुनी मोटारबोट घेण्याआधी तिचा पल्ला कसा तपासावा

जुन्या मोटारबोटीच्या जाहिरातीत तीन आकडे हमखास असतात: बोटीची लांबी, इंजिनाची अश्वशक्ती आणि ‘एका टाकीत इतके किलोमीटर’. पहिल्या आकड्याची खात्री टेप लावून करता येते, दुसऱ्याची इंजिनावरच्या पट्टीवरून. तिसरा आकडा मात्र बोटीवर कुठेही कोरलेला नसतो. तो कुणीतरी काढलेला असतो, आणि कोणत्या वेगाला, किती वजनावर, कशा समुद्रात काढला हे विचारल्याशिवाय त्याला काहीही अर्थ नसतो. रस्त्यावर गाडीतले पेट्रोल संपले तर ती कडेला लावून पुढचा पंप शोधता येतो. समुद्रात इंजिन बंद पडले की बोट वारा आणि पाण्याची ओढ नेईल तिकडे जाते, आणि किनारा खडकाळ असेल तर हाताशी असलेला वेळ फारच थोडा असतो. म्हणूनच किमतीची घासाघीस सुरू करण्याआधी पल्ल्याचा हिशोब खरेदीदाराने स्वतः मांडावा, असे माझे ठाम मत आहे. या हिशोबाला लागणारे गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही. अवघड असते ते योग्य आकडे मिळवणे.

हा हिशोब ज्याभोवती फिरतो तो आकडा म्हणजे एक सागरी मैल जायला किती लिटर इंधन लागते. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट. विक्रेते सहसा ‘तासाला इतके लिटर’ असे सांगतात. तो आकडा उपयोगी आहे, पण अपुरा आहे, कारण त्या तासात बोट किती अंतर कापते हे त्यात येत नाही. तासाला २७ लिटर पिणारी बोट २२ नॉटने जात असेल तर मैलाला सव्वा लिटरच्या आसपास लागते. तेवढेच पेट्रोल पिऊन ती १४ नॉटनेच जात असेल तर मैलाला जवळपास दोन लिटर लागतात.

मोटारबोटी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार पाणी बाजूला सारत, त्यातूनच वाट काढत जाणारा. मासेमारीचे ट्रॉलर आणि जुन्या लाकडी लाँच या वर्गातल्या. अशा बोटीला वेगाची नैसर्गिक मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे; जे उत्तर येते तो त्या बोटीचा साधारण कमाल वेग नॉटमध्ये असतो. पाण्याच्या रेषेवर २५ फूट असलेली लाँच ६.७ नॉटच्या आसपास अडते. त्यापुढे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, कितीही रेटला तरी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत राहते, इंधन भराभर जळते आणि वेग जेमतेम वाढतो. दुसऱ्या प्रकारची बोट पुरेसा जोर मिळाला की पाण्यावर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते. आउटबोर्ड इंजिनाच्या, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेल्या इंजिनाच्या, फायबरच्या स्पीडबोटी या वर्गातल्या, आणि जुन्या बोटींच्या बाजारात नवख्या खरेदीदाराची नजर सहसा त्यांच्यावरच असते.

या दुसऱ्या प्रकारात वेग आणि खर्च यांचे नाते सरळ नसते, आणि बहुतेक गैरसमज इथेच होतात. उदाहरणासाठी २२ फुटी फायबरची बोट आणि तिला १५० अश्वशक्तीचे एक फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन असे धरू. पुढचे आकडे एखाद्या विशिष्ट मॉडेलचे नाहीत. या वर्गातल्या बोटींच्या चाचण्यांत जसे आकडे दिसतात तसे ते घेतले आहेत. इंजिनाच्या मिनिटाला १,००० फेऱ्यांवर ही बोट साडेचार नॉटने रेंगाळत जाते आणि तासाला साडेतीन लिटर पिते, म्हणजे मैलाला ०.८ लिटरपेक्षा किंचित कमी. २,५०० फेऱ्यांवर तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उचलली जाते, मागचा भाग पाण्यात रुततो, वेग आठ नॉट आणि खर्च तासाला १५ लिटर होतो. मैलाला जवळपास १.९ लिटर. ही सर्वांत वाईट अवस्था आहे. बोट धड पाणी कापत नाही आणि धड पाण्यावरही आलेली नसते. ४,००० फेऱ्यांवर ती पूर्ण उचललेली असते, २२ नॉटने पळते आणि तासाला २७ लिटर घेते, म्हणजे मैलाला १.२३ लिटर. पूर्ण थ्रॉटलवर, ५,५०० फेऱ्यांना, वेग ३४ नॉट होतो, खर्च तासाला ५७ लिटर आणि मैलाचा दर १.६८ लिटर.

‘हळू गेले की पेट्रोल वाचते’ हे वाक्य अशा बोटीला अर्धेच लागू पडते. अगदी रेंगाळत गेले तर वाचते. पण प्रवाशांना धक्के बसू नयेत म्हणून आठ-दहा नॉटवर रेटत नेणारा चालक पूर्ण वेगाने जाणाऱ्यापेक्षाही मैलामागे अधिक पेट्रोल जाळतो. समुद्र उसळलेला असला की बोटीला नेमके याच मधल्या वेगात अडकून राहावे लागते, कारण लाटांवर २२ नॉट टिकवता येत नाहीत. शांत पाण्यात काढलेला पल्ला खवळलेल्या पाण्यात कोसळतो तो प्रामुख्याने यामुळे.

कागदावरचे आकडे

प्रत्यक्ष बोट पाहायला जाण्याआधी बरेच काही घरबसल्या कळते. पहिली पायरी म्हणजे बोटीची आणि इंजिनाची नेमकी ओळख पटवणे. विक्रेत्याकडे बोटीचा हल क्रमांक (बोटीच्या सांगाड्यावरचा ओळख क्रमांक) आणि इंजिनाचा क्रमांक या दोन्हींचे स्पष्ट फोटो मागावेत. अमेरिकेत बांधलेल्या बोटींवर नोव्हेंबर १९७२ पासून बारा अक्षर-अंकांचा हल क्रमांक असतो. मागच्या फळीवर, उजव्या बाजूला, वरच्या कडेजवळ तो सापडतो आणि १९८४ नंतरच्या क्रमांकांत शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष दाखवतात. युरोपात विक्रीसाठी बांधलेल्या बोटीवर बांधणाऱ्याची पट्टी असते आणि तीवर प्रवाशांची कमाल संख्या, कमाल भार आणि ए, बी, सी किंवा डी हा वर्ग लिहिलेला असतो. सी वर्ग म्हणजे दोन मीटरपर्यंतच्या लाटा आणि बोफर्ट मापावर सहा बलापर्यंतचा वारा, तर डी वर्ग फक्त शांत, आडोशाच्या पाण्यासाठी. डी वर्गातली बोट खुल्या समुद्रातल्या सहलींसाठी घेणाऱ्याने पल्ल्याचा विचार पुढे नेण्याचीही गरज नाही. भारतात बांधलेल्या फायबर बोटीच्या बाबतीत यार्डाकडे तिची मूळ रेखाटने किंवा निदान रिकामे वजन आणि टाकीची क्षमता यांची नोंद आहे का, हे विचारावे.

इंजिनाच्या पट्टीकडे तितकेच बारकाईने पाहावे. आउटबोर्ड इंजिनाची पट्टी ते ज्या कंसाने मागच्या फळीला अडकवलेले असते त्या कंसावर असते. तीवर मॉडेलचा संकेत, शक्ती आणि अनुक्रमांक असतो. शक्ती किलोवॉटमध्ये दिली असेल तर ०.७४६ ने भागले की अश्वशक्ती मिळते. जुन्या बोटींत इंजिन बदललेले असणे अगदी नेहमीचे आहे. बोट एका सालची, इंजिन दुसऱ्या सालचे आणि दाखवलेली पत्रके तिसऱ्याच जोडणीची, असे असेल तर त्या पत्रकातल्या पल्ल्याचा समोरच्या बोटीशी संबंध उरत नाही.

मॉडेल निश्चित झाले की चाचणी-अहवाल शोधता येतात. यामाहा, मर्क्युरी यांसारख्या इंजिन कंपन्या अनेक बोटींच्या चाचण्यांचे तक्ते प्रसिद्ध करतात आणि त्यांत मिनिटाला अमुक फेऱ्यांवर वेग किती आणि इंधन किती हे ओळीने दिलेले असते. संपूर्ण संशोधनातला सर्वांत मोलाचा कागद हाच. पण तो वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, एककांची. अमेरिकी तक्त्यात मैल म्हणजे जमिनीवरचा मैल, १.६०९ किलोमीटर, आणि गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो. ही एकके एकमेकांत मिसळली की कागदावर पल्ला पंधरा-वीस टक्क्यांनी फुगतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी, वजनाची. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात चाचणीच्या वेळी बोटीत किती माणसे आणि किती इंधन होते ते लिहिलेले असते. बहुधा दोन माणसे, अर्धवट टाकी, नवा स्वच्छ तळ आणि शांत पाणी. माहितीपत्रकातले ‘कोरडे वजन’ तर त्याहूनही दूरचे असते, कारण त्यात इंधन, पाणी, नांगर, साखळी, बॅटऱ्या, छत, कधीकधी इंजिनसुद्धा धरलेले नसते.

तक्ता मिळाला नाही तर ठोकताळ्यावर काम भागते. आधुनिक फोर-स्ट्रोक आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलवर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.३५ ते ०.४ लिटर पेट्रोल घेते. डिझेल इंजिन ०.२ ते ०.२५ लिटर घेते. जुने कार्ब्युरेटरचे टू-स्ट्रोक यापेक्षा बरेच अधिक पिते, आणि ते सर्वाधिक नासधूस कमी व मध्यम वेगावर करते. ‘१५० अश्वशक्तीचे इंजिन आहे, पण पूर्ण वेगालाही तासाला ३० लिटरच लागतात’ असे कुणी सांगितले तर ते खरे नसते, हे एवढ्यावरूनच कळते.

सांगितलेला वेग तपासण्याचीही एक सोपी युक्ती आहे. बोट ढकलणाऱ्या पंख्यावर (प्रोपेलरवर) दोन आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ १४ आणि १७. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे घट्ट माध्यमात एका फेरीत पंखा जितका पुढे गेला असता ते अंतर. इंजिनाच्या फेऱ्यांना गिअरच्या गुणोत्तराने (पंख्याच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या) भागावे, पिचने गुणावे आणि १,२१५ ने भागावे. उत्तर नॉटमध्ये मिळते. ५,५०० फेऱ्या, गुणोत्तर २ आणि पिच १७ असेल तर साडेअडतीस नॉट येतात. पाण्यात पंखा थोडा घसरतोच. उचललेल्या बोटीत ही घसरण सहसा दहा ते वीस टक्के असते, म्हणून खरा वेग ३१ ते ३५ नॉट. त्याच पंख्यावर ४५ नॉटचा दावा केला जात असेल तर तो गणितातच बसत नाही.

टाकी: लिहिलेली आणि वापरता येणारी

टाकीवर २०० लिटर लिहिले असले तरी २०० लिटर इंजिनापर्यंत पोहोचत नाहीत. इंधन ओढणारी नळी तळाला टेकलेली नसते, कारण तळाशी पाणी आणि गाळ साचतो. बोट पुढे उचलली गेली किंवा डुलू लागली की उरलेले इंधन एका बाजूला पळते आणि नळी हवा ओढते. त्यामुळे दहा टक्के सोडून हिशोब करणे ही किमान खबरदारी आहे. २०० लिटरचे १८० धरावेत. टाकी जुन्या मालकाने बदलली किंवा वाढवली असेल तर कागदावर विश्वास न ठेवता मोजावे: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला १,००० ने भागले की लिटर येतात. टाकी तळाकडे निमुळती असेल तर याहून कमी भरते.

हा निमुळतेपणा इंधनाच्या काट्यालाही फसवतो. काटा बहुतेक बोटींत इंधनाची उंची मोजतो, प्रमाण नाही. टाकीचा छेद पूर्णपणे त्रिकोणी असेल तर उंची अर्ध्यावर आली तेव्हा इंधन एक चतुर्थांशच उरलेले असते. प्रत्यक्षातल्या टाक्या इतक्या टोकदार नसतात, तरी काट्याचा वरचा अर्धा भाग हळू उतरतो आणि खालचा झपाट्याने, हा अनुभव यामुळेच येतो. काटा अर्ध्यावर येताच परतीला वळणाऱ्या चालकाकडे येण्याइतके इंधन नसू शकते.

३०० किलोमीटरचे ७८ सागरी मैल कसे होतात

आता वरच्याच उदाहरणातल्या बोटीचा हिशोब शेवटपर्यंत नेऊ. समजा जाहिरातीत ‘एका टाकीत ३०० किलोमीटर’ असे लिहिले आहे आणि खरेदीदाराचा विचार मुंबईच्या गेटवेहून मुरूड-जंजिऱ्यापर्यंत जाऊन त्याच दिवशी परतण्याचा आहे. समुद्रमार्गे हे अंतर एका बाजूने जवळपास ४० सागरी मैल, म्हणजे जाऊन-येऊन ८० सागरी मैल किंवा सुमारे १४८ किलोमीटर आहे. तीनशेच्या पल्ल्यापुढे हे निम्मेही नाही, म्हणून कुणालाही ते निर्धास्त वाटेल.

जाहिरातीतला आकडा खोटा नाही. २०० लिटरला मैलाच्या १.२३ लिटरने भागले की १६२ सागरी मैल येतात, आणि ते ३०० किलोमीटरच आहेत. फक्त त्यात टाकीचा शेवटचा थेंब धरला आहे, बोट रिकामी धरली आहे आणि समुद्र सपाट धरला आहे. वापरता येणारे १८० लिटर घेतले की पल्ला १४६ सागरी मैलांवर येतो. आता आठ माणसे बोटीत बसवू. प्रत्येकी ७५ किलो धरले तरी ६०० किलो झाले, आणि भरलेल्या टाकीचे पेट्रोलच दीडशे किलोच्या आसपास भरते. पाण्यात उभ्या असलेल्या बोटीच्या तळाला आपल्या उबदार समुद्रात काही आठवड्यांतच शेवाळ आणि कवचाचे जीव धरू लागतात. वजन, तळ आणि मध्यम लाटा या तिन्हींसाठी मिळून खर्च पाव हिश्श्याने वाढेल असे धरणे अजिबात कठोर नाही. मग मैलाचा दर १.५४ लिटर होतो आणि पल्ला ११७ सागरी मैल उरतो.

शेवटची वजाबाकी राखीव इंधनाची. समुद्रावर जगभर चालत आलेला नियम असा की एक तृतीयांश इंधन जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव. ११७ चे दोन तृतीयांश म्हणजे ७८ सागरी मैल. मुरूडची फेरी ८० सागरी मैलांची आहे, म्हणजे ही बोट ती फेरी राखीव इंधनाला हात न लावता करू शकत नाही.

राखीव तिसरा हिस्सा अनेकांना अति वाटतो. कोकण किनाऱ्यावर तो का लागतो हे याच फेरीत दिसते. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत सकाळी समुद्र बहुधा शांत असतो आणि दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. मुरूडहून मुंबईला परतणाऱ्या बोटीचे तोंड वायव्य-उत्तरेकडे असते. म्हणजे जाताना मिळालेला मैलाचा दर येताना मिळणारच नाही, आणि जो चालक मुरूडला पोहोचून ‘निम्म्यापेक्षा जास्त पेट्रोल शिल्लक आहे’ म्हणून निश्चिंत होतो त्याला परतीच्या वाटेवर समोरून येणाऱ्या लाटांत वेग कमी करावा लागतो आणि बोट त्या सर्वांत खर्चिक मधल्या अवस्थेत जाते. मुंबई बंदरात शिरताना ओहोटी असेल तर पाण्याची ओढही समोरून येते. वेगवान बोटीला दोन नॉटची ओढ फार जाणवत नाही; सहा नॉटने चालणाऱ्या लाँचच्या वेगातला मात्र तिसरा हिस्सा ती खाते.

हीच बोट गेटवे ते मांडवा या फेरीसाठी घेतली तर चित्र पूर्ण पालटते. ते अंतर सरळ रेषेत साधारण साडेसात सागरी मैल आहे. येण्याजाण्याला वाढीव दरानेही २५ लिटरपेक्षा कमी लागते. पल्ला चांगला की वाईट हे बोटीवर जितके अवलंबून असते तितकेच तिच्याकडून काय काम करून घ्यायचे आहे यावर.

पाण्यात चालवून पाहणे

वरचा सगळा हिशोब अंदाजाचा आहे, आणि तो पक्का करण्याचा मार्ग एकच: समुद्रचाचणी. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. बोटीचा तळ, पंखा, शाफ्ट आणि मागच्या फळीतला ओलावा पाहायला तो काळ उत्तम. परंतु इंजिन बादलीतल्या पाण्यावर सुरू करून दाखवले म्हणजे चाचणी झाली असे समजू नये. त्या काळात सौदा ठरवायचाच असेल तर इसारापुरते पैसे द्यावेत आणि उरलेली रक्कम हंगाम सुरू झाल्यावरच्या समुद्रचाचणीवर अवलंबून ठेवावी, आणि ही अट कागदावर लिहून घ्यावी.

चाचणीला निघताना बोटीत तेवढेच वजन असावे जेवढे पुढे रोज असणार आहे. माणसे मिळाली नाहीत तर पाण्याचे भरलेले कॅन चालतात. पन्नास लिटरचा एक कॅन म्हणजे पन्नास किलो. विक्रेता बहुधा पाव टाकी इंधन आणि दोन माणसे घेऊन निघतो, आणि तशा हलक्या बोटीचा उत्साह पाहून मत बनवणे धोक्याचे आहे. किनाऱ्यापासून मोकळ्या पाण्यात आल्यावर एक सरळ पट्टा निवडावा. १,००० पासून सुरुवात करून पाचशे-पाचशे फेऱ्या वाढवत न्याव्यात. प्रत्येक टप्प्यावर दोन मिनिटे स्थिर ठेवून मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग टिपावा, मग बोट वळवून त्याच फेऱ्यांवर उलट दिशेने पुन्हा टिपावा. ४,००० फेऱ्यांना जाताना २४ आणि येताना २० नॉट मिळाले तर खरा वेग २२, आणि मधला फरक पाण्याच्या ओढीचा. इंजिनाला इंधनप्रवाह दाखवणारे मीटर असेल तर त्याचा आकडाही शेजारी लिहावा. मीटर नसेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून निघावे, ठरलेल्या एकाच वेगाने तासभर चालवावे आणि परत आल्यावर पुन्हा गळ्यापर्यंत भरताना किती लिटर गेले ते पंपावर मोजावे. ही पद्धत कंटाळवाणी आहे, पण तिच्यातून मिळणारा आकडा कुठल्याही पत्रकापेक्षा खरा असतो, कारण तो याच बोटीचा, याच इंजिनाचा आणि याच तळाचा असतो.

चाचणीच्या शेवटी काही सेकंद पूर्ण थ्रॉटल द्यावा. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलवर किती फेऱ्या व्हायला हव्यात याचा पट्टा दिलेला असतो, उदाहरणार्थ ५,००० ते ६,०००. बोट ४,४०० वरच अडत असेल तर काहीतरी बिघडलेले आहे: पंखा चुकीच्या पिचचा आहे, तळ घाण आहे, इंजिन थकले आहे किंवा बोट कागदापेक्षा जड झाली आहे. यांतले शेवटचे कारण सर्वांत महागडे. फायबरच्या दोन थरांमध्ये भरलेला फोम किंवा लाकूड वर्षानुवर्षे पाणी शोषून घेते आणि बोट कायमची काही शे किलोंनी जड होते. असे वजन रंगकामाने उतरत नाही. क्रेनने बोट उचलायची वेळ आलीच तर क्रेनवरचा वजनाचा आकडा पाहून तो मूळ वजनाशी ताडून पाहावा. जवळपास फुकटात मिळणारी ही सर्वांत चांगली माहिती आहे. नव्या पिढीच्या आउटबोर्डमध्ये संगणक असतो. अधिकृत मेकॅनिक त्याला लॅपटॉप जोडून एकूण तास आणि कोणत्या फेऱ्यांवर किती तास चालले याचा अहवाल काढून देतो. तासांच्या एकूण आकड्यापेक्षा ही विभागणी अधिक बोलकी असते, कारण निम्मे आयुष्य पूर्ण थ्रॉटलवर काढलेले ६०० तासांचे इंजिन मध्यम वेगावर चाललेल्या १,२०० तासांच्या इंजिनापेक्षा अधिक झिजलेले असू शकते.

पेट्रोलचा प्रश्न आपल्याकडे आणखी एका कारणाने गंभीर आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. इथेनॉलमध्ये प्रति लिटर ऊर्जा कमी असल्याने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत अशा मिश्रणात सहा-सात टक्के कमी ऊर्जा असते, आणि पल्ला साधारण त्याच प्रमाणात घटतो. त्याहून वाईट म्हणजे इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळाभर अर्धी टाकी तशीच राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, नेमके जिथून इंजिनाची नळी ओढते तिथेच. जुनी बोट घेताना रबरी नळ्या कधी बदलल्या, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवला आहे का, आणि बोट बंद असताना टाकी रिकामी केली होती का, हे तीन प्रश्न विचारावेत. फिल्टर काढून काचेच्या बरणीत ओतला की तळाशी पाण्याचा वेगळा थर आहे की नाही ते दिसते. इंधन कुठे मिळणार हेही आधीच पाहून ठेवावे. कोकणातल्या बंदरांवर मच्छीमार संस्थांचे पंप डिझेलसाठी असतात. पेट्रोल अनेकदा गावातल्या पंपावरून कॅनमधून आणावे लागते, त्यामुळे वाटेत भरून घेऊ हे गृहीत धरता येत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: नोंदणीचा दाखला, सर्वेक्षणाचा दाखला आणि विमा हे तिन्ही पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे आहे. दाखल्यावरचा इंजिन क्रमांक बोटीवरच्या क्रमांकाशी जुळतो का आणि प्रवाशांची संख्या किती मंजूर आहे, हे पल्ल्याच्या हिशोबासाठीही लागते, कारण मंजूर संख्या हाच आपल्या वजनाचा आधार.

पल्ला कमी पडतो असे दिसले तर उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. दुसरी टाकी बसवली तर शंभर लिटरमागे टाकीसह नव्वद-शंभर किलो वाढतात आणि बोटीचा समतोल बदलतो. टू-स्ट्रोक काढून फोर-स्ट्रोक बसवले तर खर्च निश्चित उतरतो. मात्र नव्या इंजिनाचे वजन मागची फळी पेलेल का हे आधी पाहावे लागते, आणि जुन्या बोटीत इंजिनाची किंमत बोटीपेक्षा जास्त होऊ शकते. सावकाश जाण्याचे ठरवले तर उदाहरणातल्या बोटीचा राखीव सोडूनचा पल्ला शांत पाण्यात १५० सागरी मैलांपर्यंत जातो, परंतु साडेचार नॉटने मुरूडला पोहोचायला नऊ तास लागतात. लांबच्या फेऱ्याच करायच्या असतील तर तितक्याच पैशांत डिझेल इंजिनाची संथ लाँच पाहावी. २८ फुटांची, तीस अश्वशक्तीची लाँच साडेसहा नॉटला तासाला चार-पाच लिटर डिझेलमध्ये चालते, म्हणजे मैलाला पाऊण लिटरच्या आसपास, आणि डिझेल बंदरावरच मिळते. कॅनमधून जादा पेट्रोल नेण्याचा विचार असेल तर पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साठते हे ध्यानात ठेवून कॅन बंद कप्प्यात न ठेवता मोकळ्या हवेत, सावलीत, घट्ट बांधून ठेवावेत. आणि डुलणाऱ्या बोटीत ते टाकीत ओतणे आपल्याला जमते का, याची परीक्षा भर समुद्रात होण्याआधी धक्क्याजवळ, इंजिन बंद ठेवून, एकदा करून पाहावी.